फिल्टरवाले गार्डमामा

दौंडला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, त्यांच्याकडे कॉफीचा एक पितळी फिल्टर होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. लग्न होऊन मी दौंडला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला हे कळलं. आमची आणि त्यांची मोरी एकच होती. तिथे तो फिल्टर पडलेला दिसला, माझ्यापुढे चिंच आणि राख होतीच, आणि नव्या नवरीला चांगुलपणा मिरवायची जरा जास्तच हौस असते. मी तो पुढ्यात ओढला मात्र, ओसरीवरून आवाज आला, "ठेव खाली!" मी इतकी दचकले की हातातली चिंच पाण्यात पडली.

"पोरी, चिंच बाहेरनं लाव हवी तेवढी. आतनं लावायची न्हाई. आत कल्हई हाय," असं म्हणत ते स्वतःच माझ्यासमोर उकिडवे बसले आणि फिल्टर धुवायला लागले. मी पदर सावरून उभी. घरमालक मोरीवर बसून भांडं घासतोय आणि भाडेकरीण बघतेय, हा देखावा आत त्यांच्या बायकोला दिसत होता. त्या दारातून म्हणाल्या, "अगं, जा तू आत. त्यांची पूजा आटपंपर्यंत मोरी कुणालाच मिळायची न्हाई."

ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी आळी त्यांना गार्डमामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. उंच, वाळकुडे, मिशा पांढऱ्या आणि त्या मिशांच्या मानाने हसू फार मोठं. ड्यूटीवर निघाले की पांढराशुभ्र ड्रेस आणि चकाकणारे काळे बूट. घरात असले की बंडी आणि गुडघ्याएवढं धोतर. मूळचे मांडवगण फराट्याचे. रेल्वेचं क्वार्टर सोडून त्यांनी रुळाच्या अंगाला हे घर बांधलं होतं. क्वार्टरची मोरी लहान होती आणि तिथे फिल्टर धुताना कोपर भिंतीला लागायचं, म्हणून घर बांधलं, असं मामी सांगायच्या. खरं खोटं मामीच जाणोत.

मांडवगणच्या माणसाच्या हातात कॉफीचा फिल्टर कसा आला, हे मीही विचारलं होतं. आमच्या माहेरी, केंदूरला, तेव्हा चहासुद्धा पाहुण्यांसाठी होई. कॉफी हे नाव मी शाळेच्या पुस्तकाबाहेर ऐकलं नव्हतं. मामा एकदा सोलापूरच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर अडकून पडले होते. पुढे रूळ खचला होता. तिथे त्यांच्यासारखाच अडकलेला मद्रासकडचा एक म्हातारा गार्ड होता. त्याने आपल्या पेटीतून हे भांडं काढलं, स्टोव्ह पेटवला आणि मामांना कॉफी पाजली. "तवा मला कळलं," मामा सांगायचे, "का तोंड धुतल्यावरबी माणूस झोपेतच असतो." पुढे तो म्हातारा नोकरीतून मोकळा झाला, तेव्हा जाताना मामांच्या हातात फिल्टर ठेवून गेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. धुवायचं कसं, ते त्याने म्हणे हातवारे करून दाखवलं होतं आणि मामा ते हातवारे अजून जसेच्या तसे करत.

ज्यांनी हे भांडं पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. एकावर एक बसणारे दोन पितळी डबे. वरच्याच्या तळाला बारीक बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड घालायची, वर दांडीची एक चकती दाबून ठेवायची, मग उकळतं पाणी ओतून झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. पाणी पुडीतून झिरपत थेंब थेंब खालच्या डब्यात उतरतं. वरच्याला मामा इंजिन म्हणत आणि खालच्याला ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा शेवटचा डबा. गप्प बसणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. कुणी झाकण उचलून डोकावलं की मामा हातावर चापट मारत. "पानी आपल्या टायमानं येतंय. तू बघितलंस म्हून लवकर येत न्हाई."

मी पहिल्यांदा ती कॉफी प्यायले तेव्हा मला जळक्या वांग्याची आठवण झाली. तसं मी बोलूनही गेले. मामा रागावले नाहीत. "वांगं म्हण, कारलं म्हण, पण वास आला का दुसरा कशाचा?" त्यांनी विचारलं. "साबणाचा? पितळेचा? कालच्या काफीचा?" मी नाही म्हटलं. त्यावर ते इतके खूश झाले की मला आणखी एक पेला प्यावा लागला.

कारण त्यांचा सगळा जीव धुण्यात होता. पिणं हे त्यामानाने उरकून टाकायचं काम. कॉफी तेलकट असते, ते तेल भांड्याला धरून बसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला खवट वास येतो, हे त्यांच्यामुळे मला कळलं. साबण ते फिल्टरच्या वाऱ्यालाही उभा करत नसत. आधी चोथा झटकून तुळशीत नाही, तर शेवग्याच्या बुंध्यात टाकायचा. तुळशीत टाकला की मामी ओरडत. मग कढत पाणी, मग लिंबाची पिळलेली साल आतून हलक्या हाताने फिरवायची, पुन्हा कढत पाणी. मग नाक आत घालून वास घ्यायचा. वास आला तर पहिल्यापासून पुन्हा. चकती वेगळी, झाकण वेगळं, सगळं पंच्यावर पालथं घालायचं, आणि वाळल्याशिवाय एकावर एक बसवायचं नाही. ओलं बसवलं की डबे एकमेकांत अडकतात. एकदा मामींनी घाईत तसं बसवलं होतं, तेव्हा मामांनी ते सुटे होईपर्यंत जेवण घेतलं नव्हतं, असं मामीच कौतुकाने का वैतागाने सांगायच्या.

भोकांचं प्रकरण तर निराळंच. पूड त्यात अडकून बसे. सुई घातली तर भोक मोठं होतं आणि मग खाली गाळ येतो. केरसुणीची काडी आत मोडते. मामांनी त्यावर शोध लावला होता घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. ताठ असतो, मोडत नाही, पितळेला ओरखडा नाही. त्यासाठी ते स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर जायचे. टांगेवाले त्यांना लांबून बघूनच घोड्याच्या मागे उभे राहत. "मामा, आमचं घोडं तुमच्या काफीपायी बोडकं व्हायचं एक दिवस!" एक जण ओरडायचा. "एकच केस दे रं," मामा म्हणायचे, "तुझ्या घोड्याचं नाव निघंल." घोड्याचं नाव कुठे निघणार होतं कोण जाणे, पण केस मिळायचा. तो ते टोपीच्या घडीत ठेवून आणत.

सगळं झालं की शेवटचं काम. फिल्टरचा वरचा डबा हातात घेऊन ते अंगणात जात, पूर्वेकडे तोंड करून तो डोळ्यासमोर धरत, एक डोळा मिटत आणि भोकांतून उन्हाकडे बघत. सगळी भोकं उजळलेली दिसली की मोठ्याने म्हणत, "लाइन क्लिअर!" मग आमच्या घरी चूल पेटायची. आमचे हे मालधक्क्यावर क्लार्क होते. त्यांची आंघोळ मामांच्या त्या आरोळीवर चालायची.

न्हावऱ्याचे पाहुणे आले होते, ती गोष्ट आळीत पुष्कळ वर्षं सांगितली जायची. मामांच्या भाचीला बघायला वराकडची मंडळी आली होती. बघणं झालं, बोलणं झालं आणि मामांनी कॉफी टाकली. पाणी आपलं थेंब थेंब उतरतंय. पाहुणे एकमेकांकडे बघतायत. त्यांना परतीची एसटी गाठायची होती. शेवटी वराचा बाप चुळबूळ करत उठला, "बराय, येतो आम्ही," म्हणाला आणि सगळे चालू लागले. मामा त्या दिवशी ड्यूटीवर निघायचे होते, अंगावर पांढरा ड्रेस होता, काखेत झेंड्या होत्या. त्यांनी तांब्यात कॉफी ओतली, पेले घेतले आणि मधल्या बोळाने सडकेवर जाऊन एसटीच्या पुढ्यात उभे राहिले. वर लाल झेंडी धरली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"ओ मामा, ही एसटी हाय, मालगाडी न्हाई!" तो ओरडला.

"मग लालचा अर्थ बदलतो व्हय रं?" मामा म्हणाले.

पाहुण्यांना खिडकीतून कॉफी मिळाली. ड्रायव्हरलाही मिळाली, म्हणून तो गप्प बसला. वराचा बाप नंतर म्हणाला म्हणे, की मामा इतका चिवट आहे तर भाची संसार टिकवील. लग्न जमलं. मामींना मात्र तो प्रसंग आठवला की अजून लाज वाटायची.

आता चाचांविषयी सांगायला हवं. फिल्टरला आतून कल्हई लागते, नाहीतर पितळ कळकतं आणि पोटात जाऊन त्रास होतो. ही कल्हई करायला शिरूरहून एक कल्हईवाले चाचा यायचे. पिढ्यान्‌पिढ्या शिरूरचं मुसलमान घराणं, धंदा हाच. ते आणि मामा शिरूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचं. चाचा बाजारच्या दिवशी एसटीच्या टपावर भाता टाकून यायचे आणि आमच्या दारातल्या लिंबाखाली खड्डा खणून बसायचे. आळीतल्या बायका भांडी घेऊन रांग लावायच्या, पण पहिला मान फिल्टरचा.

भोकं असलेल्या भांड्याला कल्हई करणं हे सगळ्या कल्हईवाल्यांना जमत नाही. कथील वितळून भोकांत बसतं आणि भांडं कायमचं बाद होतं. चाचा भांडं लालसर तापवून, नवसागर टाकून, कापसाने कथील फिरवून झालं की ते गरम असतानाच ओल्या पोत्यावर पालथं आपटायचे. भोकांतलं कथील झटक्यात बाहेर पडायचं. मग मामा घोड्याचा केस फिरवायचे. हे करताना दोघं एकमेकांना शिव्या देत असत, त्याशिवाय काम बरं होत नाही असा दोघांचा समज होता.

चाचांचा एक गुण आळीत सगळ्यांना माहीत होता. आपल्या कामात चूक झाली, असं ते कधी कबूल करत नसत. एकदा एका मास्तरीणबाईंनी तिळाएवढा डाग राहिला म्हणून पातेलं परत आणलं. चाचांनी ते निखाऱ्यावर धरलं, होती नव्हती ती सगळी कल्हई पुसून काढली, पितळ उघडं करून बाईंच्या हातात दिलं आणि सांगितलं, "जावा, दुसरीकडं करा." त्या बाईंच्या घराकडे ते पुन्हा वळून बघत नसत. मामा त्यावरून त्यांना डिवचायचे. "ह्याच्या हातनं चूक झाली तर ती भांड्याची असती." चाचा म्हणायचे, "असतीच."

मामांच्या डोळ्यांचं पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं, ते सांगता येणार नाही. मामींच्या नक्कीच. मला आठवतं ते असं, की ओट्यावर कोणीतरी गव्हाचं पोतं ठेवलं होतं आणि मामा बाहेरून येताना त्याला म्हणाले, "काय पाटील, कवा आलात?" मी खळखळून हसले. मामाही हसले. थट्टेखोर माणूस, त्यांचं सगळंच थट्टेत जायचं. पण त्यानंतर एकदा उकळतं पाणी फिल्टरच्या बाहेर, त्यांच्याच बोटांवर पडलं. दुसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "मी वतते," आणि मामांनी त्यांना ओतू दिलं. कोणाचा हात लागू न देणारा माणूस मुकाट्याने बाजूला सरकला. तेव्हा मात्र मला ते गव्हाचं पोतं आठवलं.

मग एकेक दिसायला लागलं. संध्याकाळी मामा ड्यूटीवर निघाले की मामीही भाजी आणायच्या निमित्ताने निघत आणि बोळाच्या तोंडापर्यंत त्यांच्या पुढे चालत. भाजी मात्र पिशवीत नसायची. ताटात मीठ कुठे वाढलंय, ते मामी बोलून दाखवायच्या. आणि सकाळची "लाइन क्लिअर" आता उशिरा यायची. मामा डबा डोळ्यांसमोर धरून पुष्कळ वेळ उभे राहत, इकडे तिकडे हलवत, आणि मग ती आरोळी यायची, पण पहिल्यासारखी नाही.

मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. रेल्वेत गार्डाचे डोळे म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावून दिलं. गाडीच्या मागे तो एकटा असतो. सिग्नल त्याने बघायचा, ड्रायव्हरची खूण त्याने बघायची, वाटेत एखाद्या डब्याची चाकं पेटली तर पहिलं त्याला दिसायला हवं. त्याला दिसलं नाही तर पुढचे मरतात नाहीतर मागून येणारे. डोळे गेले असं कळलं तर त्याला गाडीवरून उतरवून कुठल्यातरी खोलीत स्टुलावर बसवतात. मामांची नोकरी थोडीच राहिली होती, पण त्या थोड्यासाठी माणूस जीव टाकतो. झेंडी, दिवा, शिट्टी सोडून मामा काय करणार होते? आणि बोलायचं नाही म्हटलं, तर उद्या काही झालं तर? आम्ही दोघं जेवताना हेच बोलायचो आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून गप्प व्हायचो. "डोळ्यांची तपासणी मागच्या वर्षीच झालीय," हे म्हणायचे. "पास झालेत ते. म्हणजे इतकं काही नसणार." आम्ही त्यावर मनाची समजूत घालत होतो. मामांवर माझा जीव होता, आणि त्यांची मला भीती वाटत होती, हे दोन्ही खरं.

अशात बाजारचा दिवस आला. चाचा लिंबाखाली बसले. मामांना संध्याकाळच्या मालगाडीवर जायचं होतं, म्हणून सकाळ मोकळी होती. नेहमीप्रमाणे शिव्या झाल्या, नवसागराचा पांढरा धूर झाला, आम्ही बायका खोकलो, आणि चाचांनी फिल्टरचा डबा ओल्या पोत्यावर आपटून मामांच्या हातात दिला. आत चांदीसारखा चमकत होता. मामांनी केस फिरवला आणि उन्हाकडे तोंड करून डबा वर धरला.

मी मोरीजवळ उभी होते. मामी दारात. डब्याच्या भोकांतून ऊन आरपार आलं होतं आणि मामांच्या कपाळावर, नाकावर, पांढऱ्या मिशांवर उन्हाचे बारके बारके ठिपके पडले होते. सगळा चेहरा ठिपक्यांनी भरला होता.

"अंधार," मामा म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"दोस्ता, बुजावलंस की रं सगळं," ते म्हणाले. आवाज चढला होता. "एक भोक दिसंना. इतक्या वर्सांचं भांडं घालवलंस माझं!"

"थट्टा सोड, गार्डसाब. गिऱ्हाइकं खोळंबलीत," चाचा भाता दाबत म्हणाले.

"थट्टा न्हाई ही. ऊठ आन् बघ."

चाचा उठले. त्यांची चूक कोणी काढली की ते कसे उठतात, हे आळीला माहीत होतं. रांगेतल्या दोघी-तिघी आपापली पातेली घेऊन मागे सरल्या. चाचांनी डबा हिसकून घेतला, वर धरला. त्यांच्या दाढीवर तसेच ठिपके पडले. डबा तसाच धरून ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी मामांकडे बघितलं, मग दारात मामींकडे. मामींनी मान खाली घातली.

"व्हय," चाचा म्हणाले. "बुजलंय. हात चुकला माझा."

चाचा पुन्हा खड्ड्यापाशी गेले, आमच्याकडे पाठ करून बसले, घोड्याचा केस घेतला आणि उघड्याच असलेल्या भोकांतून एकेक करून फिरवायला लागले. मधूनच फुंकर घालत होते. भाता थंड पडत होता. रांगेतली एक म्हातारी कुरकुरली, तर तिच्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. मामा ओट्यावर बसले होते. त्यांचा राग उतरला होता आणि ते चाचांच्या फुंकरा ऐकत होते.

चाचांनी डबा आणून दिला. मामांनी तो उन्हाकडे धरला नाही. खालच्या डब्यावर बसवला आणि तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. पाणी सरसर खाली उतरलं.

"झालं आता बरूबर?" चाचांनी विचारलं.

"दोस्ता," मामा म्हणाले, "शाळेपासनं वळखतो तुला. चूक केली असं कवा म्हणलास तू?"

"आज म्हणलो की."

"आन् तीबी तू केली न्हाईस."

चाचा जाऊन निखारे हलवायला लागले. मग मामांनी मोरीकडे तोंड केलं. मी हललेसुद्धा नव्हते, पण मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

"पोरी, मघाशी भोकं दिसत हुती का तुला?"

मामी माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हण, असं त्या म्हणत नव्हत्या आणि हो म्हण असंही नाही. महिनाभर आम्ही नवरा-बायको जे बोलत होतो, ते आता असं अंगणात येऊन माझ्यापुढे उभं राहिलं होतं.

"दिसत होती, मामा," मी म्हणाले. "सगळी. तुमच्या कपाळावर ठिपके पडले होते उन्हाचे."

मामांनी कपाळावरून हात फिरवला. मग पंचा घेतला, फिल्टरचे दोन्ही डबे, चकती, झाकण सगळं पुसलं, पंच्यावर पालथं घातलं, आणि आत गेले.

पुढे मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवले. डोळ्यांचं मागचं अंग गेलंय, याला ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामींचं मत शेवटपर्यंत एकच होतं. "इतकी वर्सं त्या भोकांतनं रोज सूर्याकडं बघत बसले. त्या भांड्यानंच डोळं खाल्लं त्यांचं." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं खात्रीने सांगता येत नाही. मामा म्हणायचे, "भांड्याला बोल लावू नका. त्यानं मला काय सांगितलं न्हवतं, वर बघ म्हून." त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. कॉफी चालू राहिली. भोकं ते आता बोटाने तपासायचे आणि पाण्याचा आवाज ऐकायचे, आणि नाक आत घालून वास घ्यायचे, ते मात्र अगदी पहिल्यासारखं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी दुपारी मामा जेवले नाहीत. चाचा काम आटपून जाताना दारात थांबले, हाक मारली, मामांनी आतून "जा, एसटी चुकंल," एवढंच म्हटलं. ऊन कललं तेव्हा रेल्वेचा कॉलमन आला. गार्ड-ड्रायव्हरांना गाडीवर बोलवायला हा माणूस घरोघर फिरायचा. मामांनी त्याला कधी परत पाठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तापातसुद्धा ते गेले होते. तो सायकल भिंतीला लावून म्हणाला, "चला मामा, गुड्स टायमावर हाय."

मामा ओसरीवर आले. बंडी-धोतरावरच होते. "माझं नाव काढ," ते म्हणाले.

"सिक सांगू?"

"सिक न्हाई. दिसत न्हाई म्हून सांग."

कॉलमन हसला. मामांची थट्टा त्याला ठाऊक होती. "मागल्या वर्सी तर तक्ता घडाघडा वाचलात म्हणं. डागदरनं पाठ थोपटली."

"तक्ता कधी बदलत न्हाई रं. मला तो पाठ हाय," मामा म्हणाले. "म्होरल्या खेपंलाबी म्हणून दाखवीन. पण सिग्नल काय पाठ करून ठिवता येत न्हाई."

कॉलमनचं हसू गेलं. तो मामींकडे बघायला लागला. मामी ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "जा बाबा," त्या कॉलमनला म्हणाल्या, "दुसरा गार्ड बघा लवकर. गाडी खोळंबंल." तो सायकल हातात धरून, न बसताच, बोळातून गेला.

आमचे हे घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते मामांकडे गेले आणि त्यांच्याजवळ ओट्यावर बसून राहिले. अंधारून आलं होतं. घराच्या मागे रूळ होते. गाडी यायचा आवाज झाला तसे मामा उठले आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या दारी गेले. मी कंदील घेऊन त्यांच्या मागे गेले.

मालगाडी लांबलचक होती. एकामागून एक डबे धडधडत गेले. मामा ताठ उभे होते, तोंड गाडीकडे, आणि शेवटी ब्रेकव्हॅन गेली तेव्हा त्यांनी हात वर केला. त्या व्हॅनमध्ये दुसराच कोणी होता. त्याने बघितलं की नाही, मला कळलं नाही. गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा लावलेला असतो. तो दिसला म्हणजे पुरी गाडी गेली, मध्ये काही तुटून मागे राहिलं नाही, असं समजायचं. हे मला ह्यांनी कधीतरी सांगितलं होतं.

आवाज लांब गेला तरी मामा जागचे हलेनात.

"पोरी," त्यांनी विचारलं, "मागला लाल दिवा लागलाय का गं?"

मी कंदील खाली ठेवून बघितलं. रूळ जिथे वळतात, तिथपर्यंत तो दिसत होता.

"लागलाय, मामा."

"मग जाऊ दे," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घरात आले.